ऑब्जेक्ट नेटवर्कपलीकडे नेताना: बस आरक्षणाच्या प्रणालीवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. बसच्या आसन आरक्षणाची प्रणाली जावामध्ये लिहिलेली आहे. फेरी, बस, आसन, प्रवासी, तिकीट असे क्लास नीट पाडलेले आहेत आणि सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालतं. भार वाढल्यामुळे आरक्षण, भाडे आणि पेमेंट हे भाग आता वेगवेगळ्या मशीनवर न्यायचे आहेत. याच क्लासना रिमोट इंटरफेस (दुसऱ्या मशीनवरून मेथड हाकता येतील अशी जोडणी) लावून बाकीचा कोड तसाच ठेवला तर चालेल का? आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचना अशा ठिकाणी कितपत टिकते?

तसंच्या तसं चालणार नाही. कोड कंपाइल होईल, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सुरळीत चालेल, चाचणीतही पास होईल. गर्दीच्या दिवशी मात्र स्क्रीन रखडतील, एकाच आसनाची दोन तिकिटं निघतील आणि लॉगमध्ये कारण सापडणार नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचार टाकून द्यायची गरज नाही. बदलायचं आहे ते एवढंच, की ऑब्जेक्टची सीमा कुठे आणि नेटवर्कची सीमा कुठे, हे दोन निर्णय वेगवेगळे घ्यायचे आणि दुसरी सीमा कोडमध्ये उघड दिसू द्यायची.

ती लपवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८४ साली झेरॉक्समधल्या बिरेल आणि नेल्सन यांनी रिमोट प्रोसिजर कॉल (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन जवळच्यासारखं हाकणं) प्रत्यक्षात कसा बांधायचा ते मांडलं. दूरच्या ऑब्जेक्टवर मेथड हाकण्याच्या पद्धती त्यानंतर आल्या: कॉर्बाची पहिली आवृत्ती १९९१ची, मायक्रोसॉफ्टचं डीकॉम १९९६ साली विंडोज एनटी ४ बरोबर आलं, आणि जावाचं आरएमआय १९९७च्या जेडीके (जावाचा विकाससंच) १.१ मध्ये. ‘ऑब्जेक्ट कुठे आहे हे कॉल करणाऱ्याला कळायला नको’ ही ओढ या सगळ्या परंपरेत कमीअधिक दिसते. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो, अ‍ॅन वोलराथ आणि सहकाऱ्यांनी त्याला स्पष्ट विरोध केला. जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट यांच्यात चार फरक आहेत आणि कोणतंही मिडलवेअर (दोघांना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) ते पुसू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं: लागणारा वेळ, मेमरीपर्यंतची पोहोच, अर्धवट बिघाड आणि समांतर चालणारे कॉल. आरएमआयमध्ये प्रत्येक रिमोट मेथडवर रिमोटएक्सेप्शन जाहीर करावंच लागतं, ते याच विचारातून. ते एक्सेप्शन एका युटिलिटी क्लासमध्ये गिळून टाकलं की मुद्दाम उघडी ठेवलेली सीमा पुन्हा झाकली जाते. तुमच्या कोडमध्ये असा क्लास असेल तर तो सर्वांत आधी काढा.

वेळेचं गणित तुमच्याच स्क्रीनवर करून पाहा. समजा बसमध्ये ४४ आसनं आहेत आणि तक्ता रंगवायला प्रत्येक आसनाला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: क्रमांक, स्थिती आणि महिलांसाठी राखीव आहे का. एकाच प्रोसेसमध्ये हे १३२ मेथड कॉल प्रत्येकी काही नॅनोसेकंदांचे आहेत, कोणाच्या लक्षातही येत नाहीत. प्रत्येक आसन रिमोट ऑब्जेक्ट केलं की त्याच १३२ नेटवर्क फेऱ्या होतात. एका डेटा सेंटरमध्ये सिरियलायझेशन (ऑब्जेक्टचे तारेवर पाठवण्याजोगे बाइट करणं) धरून फेरीला १ मिलिसेकंद लागला तर १३२ मिलिसेकंद. एक सर्व्हर मुंबईत आणि दुसरा हैदराबादेत असेल तर सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंदांच्या खाली कोणीच येऊ शकत नाही, आणि तार काही सरळ रेषेत टाकलेली नसते. फेरीला १५ मिलिसेकंद धरले तर एक तक्ता दाखवायला जवळपास २ सेकंद. यातला एकही मिलिसेकंद सीपीयू खात नाही, म्हणून मशीन कितीही मोठं घेतलं तरी फरक पडत नाही.

उपाय म्हणजे सीमेवर जाड मेथड ठेवायची. ‘आसनतक्ता दे’ असा एकच कॉल, उत्तरात ४४ नोंदींचा एक साधा, न बदलणारा व्हॅल्यू ऑब्जेक्ट. आतला आसन क्लास तसाच बारीक आणि नीटस राहू द्या. तो बाहेर दिसायला नको, इतकंच. गेटर-सेटरचा इंटरफेस नेटवर्कवर कधीही ठेवू नये. ‘आसन १२ आणि १३ या प्रवाशांसाठी १० मिनिटं रोख’ असं पूर्ण काम सांगणारी मेथड ठेवावी. तिच्यामागे पाच ऑब्जेक्ट बोलत असोत की पन्नास, ते आतल्या आत बोलतील.

मेमरीचा फरक जास्त फसवा आहे, कारण तो चूक म्हणून ओरडत नाही. आरएमआयमध्ये एक्सपोर्ट केलेला रिमोट ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून दिला तर समोर त्याचा स्टब, म्हणजे मूळ ऑब्जेक्टकडे कॉल पोहोचवणारा प्रतिनिधी, जातो. नुसता सिरियलायझेबल ऑब्जेक्ट दिला तर त्याची प्रत जाते. आता ‘सवलत लावा’ ही मेथड तिकीट ऑब्जेक्ट घेते आणि त्याच्यातली रक्कम बदलते, असं धरा. एकाच प्रोसेसमध्ये कॉल संपल्यावर तुमच्या हातातल्या तिकिटाची रक्कम बदललेली असते. नेटवर्कपलीकडे बदलते ती प्रतीची. तुमच्या हातात जुनीच रक्कम राहते, एक्सेप्शन येत नाही, आणि ग्राहकाकडून पूर्ण भाडं कापलं जातं. युनिट टेस्टमध्ये दोन्ही बाजू एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या एकाच प्रोसेसमध्ये) सरळ जोडलेल्या असल्यामुळे हे तिथे पकडलं जात नाही. म्हणून सीमेवरच्या प्रत्येक मेथडने बदललेली किंमत परत द्यावी, आणि सीमा ओलांडणारे सगळे क्लास अपरिवर्तनीय ठेवावेत.

याच मुद्द्याची आणखी दोन टोकं. प्रत उलगडल्यावर तो नवा ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे ‘==’ ने केलेली तुलना खोटी ठरते. ओळख आयडीवरून ठरवा, संदर्भावरून नाही. आणि सिरियलायझेशन ऑब्जेक्टला धरून असलेलं सगळं जाळं ओढून नेतं. तिकिटाकडे फेरीचा संदर्भ, फेरीकडे बसचा, बसकडे तिच्या सगळ्या फेऱ्यांचा, आणि त्या फेऱ्यांकडे त्यांच्या सगळ्या तिकिटांचा. एक तिकीट पाठवायला जावं आणि काही मेगाबाइट तारेवर यावेत, हे नेहमीचं दृश्य आहे. मध्ये ओआरएमची (ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जुळवणाऱ्या लायब्ररीची) उशिरा लोड होणारी कलेक्शन असतील तर सत्र बंद झाल्याचं एक्सेप्शन मिळेल, आणि ते त्यातल्या त्यात बरं. डोमेनचे क्लास तारेवर पाठवायचे नाहीत हा नियम म्हणूनच कडक पाळा. तारेसाठी वेगळे, चपटे संदेश आणि मध्ये रूपांतर करणारा एक क्लास. हे लिहायला कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी आतली रचना बदलायची वेळ येते तेव्हा हेच काम हात मोकळे ठेवतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: अर्धवट बिघाड. एका प्रोसेसमध्ये मेथड एकतर परत येते, एक्सेप्शन टाकते, किंवा सगळी प्रोसेसच मरते. नेटवर्कवर टाइमआउट आला म्हणजे तीनपैकी काहीही झालेलं असू शकतं. विनंती पोहोचलीच नाही; काम झालं पण उत्तर वाटेत हरवलं; किंवा काम अजून चालू आहे. कॉल करणाऱ्याला या तिन्हींमध्ये फरक करता येत नाही. ‘तिकीट काढा’ ही मेथड टाइमआउट झाली म्हणून पुन्हा हाकली आणि पहिल्या वेळी काम झालेलं असलं, तर दोन तिकिटं.

यावरचा उपाय ठरलेला आहे, पण लोक तो अर्धाच करतात. ग्राहकाने बटण दाबल्याक्षणी ग्राहकाच्या बाजूलाच एक युनिक किल्ली तयार करायची आणि त्या कामाच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर तीच पाठवायची. प्रत्येक प्रयत्नाला नवी किल्ली केली तर सगळी मेहनत फुकट, आणि ही चूक नेमकी रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करणाऱ्या लायब्ररीच्या आत किल्ली बनवल्यामुळे होते. सर्व्हरने ती किल्ली युनिक इंडेक्स असलेल्या टेबलात, तिकिटाची नोंद ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा डेटाबेसच्या कामात) होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची. आधी किल्ली आणि मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये तिकीट असं केलं, तर मधल्या फटीत सर्व्हर मेल्यावर किल्ली राहते आणि तिकीट नाही; पुढच्या प्रयत्नाला ‘झालंय’ असं खोटं उत्तर जातं. तीच किल्ली पुन्हा आली तर साठवलेलं उत्तर, तोच तिकीट क्रमांक, जसाच्या तसा परत द्या. किल्ली तीच पण मजकूर वेगळा असेल तर नकार द्या. पहिली विनंती अजून चालू असताना दुसरी आली तर ‘काम चालू आहे’ असं वेगळं उत्तर द्या, चूक म्हणून नव्हे. किल्ल्या किती काळ ठेवायच्या हे पेमेंटचं उत्तर जास्तीत जास्त किती उशिरा येऊ शकतं यावरून ठरतं. २४ तासांपेक्षा कमी ठेवू नयेत.

टाइमआउट प्रत्येक कॉलला हवाच, आणि तो कोणीतरी आधीच लावून ठेवला असेल असं धरू नका. आरएमआयच्या नेहमीच्या अंमलबजावणीत उत्तराची वाट पाहण्याची मुदत मुळात शून्य असते, म्हणजे अमर्याद. जीआरपीसी या नव्या रिमोट कॉल पद्धतीतही डेडलाइन दिली नाही तर ती नसतेच. समोरचं मशीन बंद न पडता नुसतं अडकलं, की तुमचे थ्रेड (प्रोसेसमधले समांतर चालणारे धागे) एकेक करून त्याच्या दारात उभे राहतात, पूल संपतो आणि भाडं विचारणारी साधी विनंतीसुद्धा थांबते. मुदती बाहेरून आत कमी होत जायला हव्यात: बाहेरचा गेटवे ८ सेकंद थांबत असेल तर आरक्षण सेवा ५ आणि तिने विचारलेली भाडं सेवा १. याच्या उलट झालं तर ग्राहक निघून गेल्यावरही आत काम चालू राहतं. उरलेली वेळ प्रत्येक कॉलबरोबर पुढे पाठवणं सर्वांत चांगलं.

रिट्राय एकाच थरात ठेवा. तीन थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले तर तळाच्या डेटाबेसवर एका क्लिकचे २७ कॉल जातात, आणि तेही तो आधीच दमलेला असताना. दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर एकाच क्षणी नापास झालेले हजार क्लायंट पुन्हा एकाच क्षणी येऊन धडकतात.

समांतर कॉलचा मुद्दा जावा लिहिणाऱ्यांना विशेष चकवतो. आरएमआय कोणता कॉल कोणत्या थ्रेडवर चालेल याची हमी देत नाही. दोन कॉल एकाच ऑब्जेक्टवर एकाच वेळी येऊ शकतात, म्हणून रिमोट ऑब्जेक्ट थ्रेडसेफ असलाच पाहिजे. त्याहून खोल खड्डा कॉलबॅकचा आहे. जावाचं सिंक्रोनाइज्ड लॉक पुन्हा घेता येतं: ज्या थ्रेडने ते घेतलंय तोच फिरून आला तर आत जातो. समजा फेरी ऑब्जेक्टने लॉक धरून भाडं सेवेला कॉल केला, आणि भाडं सेवेने उलट फेरीलाच ‘किती आसनं मोकळी आहेत’ असं विचारलं. एका प्रोसेसमध्ये हे बिनबोभाट चालतं. नेटवर्कवर तो उलटा कॉल वेगळ्या थ्रेडवर येतो, त्याला लॉक मिळत नाही, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. लॉक हातात असताना नेटवर्क कॉल करायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पेमेंट गेटवेला कॉल करणं हीसुद्धा तीच चूक.

इथे अ‍ॅक्टर पद्धत उपयोगी पडते, आणि माझ्या मते ऑब्जेक्टची मूळ कल्पना वितरित प्रणालीत सर्वांत प्रामाणिकपणे तिथेच उतरते. कार्ल ह्यूइट आणि सहकाऱ्यांनी ती १९७३ साली मांडली. अर्लँग, अक्का, मायक्रोसॉफ्टचं ऑर्लिन्स ही तिची आजची रूपं. प्रत्येक फेरीचा एक अ‍ॅक्टर. त्याची स्थिती त्याच्याखेरीज कोणी पाहत नाही, संदेश रांगेत येतात आणि एका वेळी एकच हाताळला जातो. १२ नंबरच्या आसनासाठी एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या आपोआप एकामागे एक लागतात, लॉक लिहावं लागत नाही. पण ‘अ’ने ‘ब’ची वाट पाहत असताना ‘ब’ने ‘अ’ला हाक मारली तर इथेही कोंडी होते, ऑर्लिन्समध्ये मूळ सेटिंग असेल तर ती ३० सेकंदांच्या टाइमआउटने सुटते. दुसरी गोष्ट, नेटवर्क दुभंगलं तर थोडा वेळ एकाच फेरीचे दोन अ‍ॅक्टर दोन मशीनवर जिवंत असू शकतात. म्हणून फेरीच्या नोंदीवर आवृत्ती क्रमांक ठेवा आणि लिहिताना ‘आवृत्ती अजून ४१ असेल तरच ४२ कर’ अशी अट घाला. अट हुकली की अ‍ॅक्टरने आपली स्थिती टाकून देऊन पुन्हा वाचायची. अ‍ॅक्टर आहे म्हणून ही अट काढू नका.

ऑब्जेक्टच्या आयुष्याबद्दल थोडं. दूरचा क्लायंट मेला की त्याने धरलेला संदर्भ कोण सोडणार? डीकॉम दर २ मिनिटांनी पिंग पाठवायचं आणि तीन चुकले की संदर्भ काढायचं. आरएमआय भाडेकरार (लीज, म्हणजे संदर्भ ठराविक मुदतीपुरताच धरू देणं) देतं, मूळ मुदत १० मिनिटं, क्लायंटने मध्येच नूतनीकरण करायचं. नेटवर्क त्याहून जास्त काळ तुटलं आणि सर्व्हरवर त्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं दुसरं कोणी नसेल, तर जिवंत क्लायंटच्या हातातला स्टबही निकामी होतो आणि पुढच्या कॉलला नोसचऑब्जेक्टएक्सेप्शन येतं. दर ग्राहकामागे सर्व्हरवर एक ‘आरक्षण सत्र’ ऑब्जेक्ट ठेवण्याची रचना यामुळेच टाळावी. सत्राची स्थिती डेटाबेसमध्ये आयडीखाली ठेवा: आसन मोकळं, रोखलेलं की विकलेलं. रोखण्याची मुदत डेटाबेसच्या घड्याळाने मोजा, कारण चार अ‍ॅप सर्व्हरची चार घड्याळं काही सेकंदांनी तरी वेगळी असतातच. मुदत संपल्यावर पेमेंट यशस्वी झाल्याची बातमी आली तर काय, याचं उत्तरही आत्ताच ठरवा: आसन अजून मोकळं असेल तर द्या, नसेल तर परतावा आपोआप सुरू करा. ही वाट दुर्मिळ नाही.

आरएमआयवरच राहायचं ठरवलंत तर तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात भेटतील. लिनक्सवर होस्ट फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधलेलं असलं की स्टबमध्ये तोच पत्ता भरला जातो. रजिस्ट्रीतून (नावावरून स्टब देणाऱ्या सेवेतून) स्टब मिळतो, पण कॉल क्लायंटच्या स्वतःच्याच मशीनवर जाऊन ‘कनेक्शन नाकारलं’ असं येतं. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम ही प्रॉपर्टी बाहेरून दिसणाऱ्या नावाने भरली की सुटतं. दुसरं, फायरवॉलमध्ये रजिस्ट्रीचा १०९९ पोर्ट उघडून भागत नाही. ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करताना पोर्ट दिला नाही तर तो कुठलाही निवडला जातो. तिसरं, सिरियलव्हर्जनयूआयडी स्वतः लिहिला नाही तर क्लासमध्ये एक मेथड वाढवली तरी जुना क्लायंट इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन देऊ शकतो. याशिवाय बाहेरून आलेले बाइट उलगडणं ही सुरक्षेची उघडी खिडकी आहे. जावा ९ पासून असलेला डिसिरियलायझेशन फिल्टर लावून फक्त अपेक्षित क्लासच येऊ द्या.

नवीन बांधायचं असेल तर मी जीआरपीसी किंवा साधं एचटीटीपी घेईन. कॉर्बा तर जावा ११ पासून जेडीकेमध्ये राहिलेलंच नाही. प्रोटोबफमध्ये (जीआरपीसीच्या संदेशांचं नेहमीचं स्वरूप) क्षेत्राचा क्रमांक हीच त्याची ओळख असते. क्षेत्र काढलं तर क्रमांक राखीव म्हणून नोंदवा आणि पुन्हा कधीही वापरू नका, नाहीतर जुन्या क्लायंटने पाठवलेला वयाचा आकडा नव्या सर्व्हरला आसन क्रमांक म्हणून दिसेल. इनहेरिटन्स तारेवर नेऊ नका. विद्यार्थी सवलत, ज्येष्ठ सवलत, महिला सवलत हे क्लास भाडं सेवेच्या आत मजेत राहू देत, पॉलिमॉर्फिझमचा तिथे पुरेपूर फायदा घ्या. बाहेर जाऊ दे फक्त एक भाडेप्रस्ताव: आयडी, पूर्णांकात पैसे आणि कधीपर्यंत लागू. आरक्षण सेवेने भाडं पुन्हा मोजायचं नाही, तो आयडी लावायचा. कुबरनेटिसवर (एकाच सेवेच्या अनेक प्रती अनेक मशीनवर चालवणारी प्रणाली; तिथली एक प्रत म्हणजे पॉड) जीआरपीसी ठेवताना एक लक्षात असू द्या. जोडणी एकच आणि दीर्घकाळची असल्यामुळे साध्या सर्व्हिसमागे सगळे कॉल एकाच पॉडवर जाऊन पडतात. क्लायंटच्या बाजूचं राउंड रॉबिन (कॉल पाळीपाळीने वाटणं) किंवा एचटीटीपी/२ समजणारा प्रॉक्सी लागतो.

सीमा कुठे आखायची यासाठी माझी कसोटी साधी आहे: ज्या दोन गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलाव्या लागतात त्यांच्यामध्ये नेटवर्क घालायचं नाही. फेरी आणि तिची आसनं एकत्रच राहतील. तिकीट निघाल्यावरचा एसएमएस बाहेर जाऊ शकतो. पण तिकीट डेटाबेसमध्ये आणि संदेश रांगेत, असं दोन ठिकाणी लिहू नका, कारण मध्ये प्रोसेस मेली तर एकच होतं. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे संदेश’ अशा टेबलात ओळ टाका, वेगळी प्रोसेस ती वाचून पाठवेल. ती कधीकधी दोनदा पाठवेल, म्हणून घेणाऱ्यानेही संदेशाचा आयडी तपासायचा.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा एकाच प्रोसेसमध्ये राहून मॉड्यूल वेगळे करा आणि त्यांच्यातले कॉल फक्त जाड मेथड आणि अपरिवर्तनीय संदेशांतूनच होतील, असं बांधून घ्या. चाचणीत या सीमेवर प्रत्येक संदेश मुद्दाम सिरियलाइज करून पुन्हा उलगडा. प्रत आणि संदर्भाच्या सगळ्या चुका नेटवर्कशिवायच बाहेर येतात. मग दोन प्रोसेस करा आणि लिनक्सच्या टीसी आदेशातलं नेटएम वापरून ५० मिलिसेकंद उशीर आणि १ टक्का पॅकेट गळती लावा. त्यानंतर सर्व्हरच्या चाचणी आवृत्तीत असा स्विच ठेवा की कमिट (डेटाबेसमधली नोंद पक्की) झाल्यावर आणि उत्तर पाठवण्याआधी प्रोसेस स्वतःला मारेल. क्लायंटला रिट्राय करू द्या आणि टेबलात त्या आसनाची एकच ओळ आहे ना आणि क्लायंटला त्याच ओळीचा क्रमांक मिळाला ना, हे पाहा. ही एक चाचणी पास होईपर्यंत तिकीट काढण्याचा भाग दुसऱ्या मशीनवर नेऊ नका.

बाहेर काढायला सुरुवात भाडं सेवेपासून करा. ती फक्त वाचते, तिचं उत्तर थोडा वेळ साठवून ठेवता येतं आणि ती बंद पडली तरी पैसे अडकत नाहीत. पेमेंट दुसरं, कारण त्याला किल्ली आणि मुदती नीट बसलेल्या लागतात. फेरी आणि आसनं सर्वांत शेवटी, आणि तेही एका मशीनवर मोजून दाखवलेला भार मावत नसेल तरच. तेव्हाही त्यांचे क्लासप्रमाणे तुकडे करू नका, फेरीच्या आयडीप्रमाणे वाटणी करा. पुणे–कोल्हापूरच्या सकाळच्या फेरीचं सगळं काही एका ठिकाणी आणि मुंबई–नाशिकच्या फेरीचं दुसऱ्या ठिकाणी, पण प्रत्येक मशीनवर तेच पूर्ण ऑब्जेक्ट मॉडेल, जसं तुम्ही आज लिहिलेलं आहे तसंच.